द्वोशेचं अक्षर

आमच्या लिपोवेत्सच्या ज्यू वस्तीत मुलग्यांना शिकवायला पाच गुरुजी होते आणि मुलींना शिकवायला एकटी बादानामावशी. मुलगा तीन वर्षांचा झाला की बापाच्या खांद्यावर बसून थाटात शाळेत जाई. मुलींसाठी एवढं कोण करतंय? पण प्रार्थनाघरात बसून पोरीने पुस्तक उलटं धरू नये, आणि उद्या नवरा पोटासाठी परगावी गेला तर त्याचं पत्र शेजारणीकडून वाचून घेण्याची पाळी येऊ नये, एवढं आयांना वाटायचं. मग त्या पोरीला हाताला धरून कातड्यांच्या गल्लीत आणत आणि आमच्या अंगणाच्या टोकाच्या घरात सोडून जात. सोबत कधी चार अंडी, कधी टोपलीभर बटाटे.

मी त्याच अंगणात वाढले. माझं नाव ब्राइना. आता मी कपडे शिवते, दोन मुलांची आई आहे. मला जे काही वाचता येतं ते मावशीच्या टेबलापाशी आलेलं आहे.

मावशी मूळची आमच्याकडची नव्हती. ती उत्तरेची, विल्न्याच्या बाजूच्या एका खेड्यातली. तिचे वडील तिकडे मुलग्यांना शिकवत, आणि ही चुलीमागे बसून बटाटे सोलता सोलता सगळं ऐकून शिकली. आमच्या गल्लीतला फालिक खोगीरं शिवायचा. तो झारच्या फौजेत असताना तिकडे होता, परत आला तो हिच्याशी लग्न करूनच. पुढे लढाईच्या वर्षांत विषमज्वराची साथ आली तीत तो गेला. मागे राहिल्या मावशी आणि तिची पाच वर्षांची मुलगी द्वोशे. आपल्या आईच्या आईचं नाव मुलीला ठेवायचं हे फालिकने ठरवलं होतं. मावशीचा त्यात इलाज नव्हता, नाहीतर असलं नाव तिने ठेवलं नसतं.

कारण तिला ते म्हणता येत नव्हतं.

उत्तरेकडचे लोक बोलतात आपलीच भाषा, पण त्यांचं वळण वेगळं. 'चांगलं'ला आम्ही 'गिट' म्हणतो, ते 'गुट' म्हणतात. आलेफ या पहिल्या अक्षराच्या खाली शेपटीची रेघ असली की आम्ही 'ऊ' वाचतो, ते 'ओ' वाचतात. तेवढं लोक चालवून घेत. पण मावशीच्या गावाकडे 'श' हा उच्चारच नव्हता. सगळं 'स'. बाजारात ती मासे, म्हणजे फिश, मागायला जाई आणि म्हणे, "फिस आहे का?" मासेवाला टोपलीवरचं ओलं गोणपाट बाजूला करत म्हणे, "फिस संपला बाई, फिश तेवढा राहिलाय." मावशी शांतपणे म्हणे, "मग तोच द्या." तिला त्यातली थट्टा कळायची नाही असं नाही. पण दोन आवाजांतला फरक तिच्या कानाला खरंच ऐकू येत नसे. शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला, शाबेसला, ती साबेस म्हणे, म्हणून गावाने तिचं नाव ठेवलं साबेसवाली. आणि स्वतःच्या मुलीला ती हाक मारी, "द्वोसे!"

शिकवायची मात्र अशी, की पुन्हा तसं शिकवणारं मी पाहिलं नाही. तिच्याकडे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एकच पान होतं, कडा बोटांनी काळ्या पडलेलं. हंसाच्या पिसाच्या टोकाने ती अक्षर दाखवायची. आलेफवर पीस टेकवून म्हणायची, "हा गप्प असतो. पण हा पुढे उभा राहिल्याशिवाय काहीजणांना तोंड उघडायला भीती वाटते." नूनपाशी आली की सांगायची, "हा शब्दाच्या मधे असला की अंग चोरून बसतो. शेवटची जागा मिळाली की पाय लांब सोडतो." आणि आम्ही सगळ्या टेबलाखाली पाय लांब सोडायचो. बेसच्या पोटात टिंब असेल तर 'ब', ओठ मिटायचे, नसेल तर 'व', दात ओठावर टेकवायचे. बरोबर आलं की तोंडात एक बेदाणा. मुलग्यांच्या शाळेतून रोज मार खाल्ल्याचं रडणं ऐकू येई. मावशीच्या घरात कुणी रडलेलं मला आठवत नाही.

मग शेवटून दुसरं, तीन फांद्यांचं अक्षर यायचं. शिन.

"सिन," मावशी म्हणे.

"सिन," आम्ही म्हणू.

मी घरी जाऊन वडिलांना प्रार्थनेतली ओळ वाचून दाखवली तेव्हा माझा भाऊ जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला. असं घरोघर होऊ लागलं. शेवटी तेलाच्या घाण्यावाल्यांची ईटे एक दिवस भर वर्गात येऊन उभी राहिली. हात कमरेवर. म्हणाली, तिच्या पोरीने पाहुण्यांसमोर साबेस म्हणून तिचं नाक कापलं, आता सोयरीक जुळवणारा विचारत होता की मुलीचे पुढचे दात पडलेत का.

मावशी पीस हातात धरून उभी राहिली.

"तू बाई चांगली आहेस, बादाने," ईटे म्हणाली, "पण मी पोरीला वाचायला पाठवलं होतं, उत्तरेला नांदायला नाही."

चुलीपाशी पालथ्या बादलीवर बसून द्वोशे बटाटे सोलत होती. तेव्हा ती आठ वर्षांची असेल. तिने मान वर केली नाही, नुसतंच म्हणाली, "श."

ईटेने वळून बघितलं. गल्लीत खेळून वाढलेली पोर, तिची जीभ आमच्यासारखीच होती. ईटे म्हणाली, "घे. हिला येतंय. मग तेवढं अक्षर हिलाच शिकवू दे ना." आणि मुलीला तिथेच ठेवून गेली.

ती कदाचित चेष्टेने बोलली असेल. मावशीने ते खरं धरलं. त्याच्या आधी तिने मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, जीभ नक्की कुठे ठेवायची म्हणून. मी दहा वर्षांची, मोठ्या मानाने तिला सांगत होते, दात मिटा, जीभ जरा मागे घ्या, ओठ पुढे. तिने सगळं केलं. कपाळावर घाम आला. बाहेर आला 'स'. तिने विचारलं, "आता?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मला तर दोन्ही सारखंच वाटतं गं."

तर दुसऱ्या दिवसापासून असं ठरलं. मावशी पीस फिरवत वाचायची, मुली मागून म्हणायच्या, आणि शिन आलं की मावशी थांबायची. चुलीकडून द्वोशे म्हणायची, "श." मग मावशी पुढे. एका ओळीत तीन शिन असले तर तीनदा थांबायचं. द्वोशे हाताने काही ना काही करत असायची, मोजे विणायची, कांदा चिरायची, पण कान इकडे. कधी पेंगत असली की मावशी नुसती वाट बघायची, रागवायची नाही. आम्ही फिदीफिदी हसायचो, मग ती दचकून "श" म्हणायची, भलत्याच अक्षराला.

तिला शिन हे नाव मी पाडलं. खोटं कशाला बोलू? विहिरीवर पाणी भरताना मी सहज म्हटलं, "सरका, शिन आली." सगळ्या हसल्या, तीही हसली. वर्षभरात तिचं दुसरं नाव कुणी घेईना. ती तेरा-चौदाची झाली तेव्हा कातडी कमावणारी पोरं तिला येताना पाहून एका सुरात "श्श्श" करायची, सायकलच्या चाकातून हवा गेल्यासारखं. ती ताठ मानेने निघून जायची. घरी जाऊन बादलीवर बसायची. संध्याकाळपर्यंत शे-दीडशे वेळा ते अक्षर म्हणायची.

द्वोशे हुशार होती. वॉर्साहून येणारं वर्तमानपत्र न्हाव्याच्या दुकानात आठवडाभराने शिळं होऊन पडे, ते मागून आणून ती अथपासून इतिपर्यंत वाचायची. सोळाव्या वर्षी एका संध्याकाळी, मुली घरी गेल्यावर, त्या दोघींचं भांडण झालं. आमची भिंत एकच, मला शब्द न् शब्द ऐकू आला. द्वोशे सांगत होती की फालिकची एक चुलत बहीण वॉर्सात आहे, मोजे विणायच्या कारखान्यात काम मिळतंय, संध्याकाळी शिकायला वर्गही असतात. मावशी म्हणत होती, पुढच्या वर्षी जा, या थंडीत नको, मुलींचं काय करू.

"मुलींचं?" द्वोशे म्हणाली. "आई, मी काय जन्मभर तुझं एक अक्षर होऊन बसू?"

 नंतर मावशीचा आवाज आला, अगदी हळू. "माझा लोकरीचा अंगरखा घेऊन जा. तुला होईल."

ती गेली. मावशीने वर्ग चालू ठेवला. शिन आलं की ती मुलींना सांगायची, हे अक्षर घरी आईला विचारून या. पण ज्या आयांना अक्षर येत होतं त्यांनी पोरी तिच्याकडे पाठवल्याच नव्हत्या. वर्ग चौदावरून सहावर आला. मी तेव्हा शिवणाच्या दुकानात जायला लागले होते. मी म्हटलं, मावशी, मी येऊन बसते ना संध्याकाळी. तिने माझा हात थोपटला आणि म्हणाली, "तुझे डोळे दिवसभर सुईत असतात. तू घरी जा." मला वाटतं, तिला ती बादली रिकामीच ठेवायची होती.

वॉर्साहून पत्रं यायची. गल्लीतल्या सगळ्यांची पत्रं मावशी वाचून दाखवायची, स्वतःची मात्र ती कुणासमोर उघडत नसे. पहिलं पत्र आलं तेव्हा मी तिथे होते. तिने ते खिडकीपाशी उभं राहून वाचलं, घडी घातली, पिठाच्या डब्यामागे ठेवलं, आणि मला म्हणाली, "बरी आहे. काम मिळालं." त्या दिवशी तिने चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं, एवढंच मला वेगळं दिसलं.

दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी हेमंतात, पानं झडल्यावर, स्टेशनवरून येणाऱ्या गाडीवाल्याने द्वोशेला दाराशी उतरवलं. ती स्वतः उतरली नाही, त्याला तिला उचलून घ्यावं लागलं. अंगावर मावशीचा तोच अंगरखा, आत माणूस जवळजवळ नव्हतंच. मावशी धावत आली आणि म्हणाली, "द्वोसे, द्वोसे." द्वोशेने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

छातीचा क्षय होता, तो घशात उतरला होता. लुब्लिनच्या डॉक्टरने तिच्या घशात आरसा घालून पाहिलं आणि मावशीला बाहेर नेऊन सांगितलं की आवाज आता परत यायचा नाही, आणि बाकीचंही फार दिवसांचं नाही. दूध द्या, लोणी द्या, मुलांना लांब ठेवा. शेवटचं वाक्य गल्लीत संध्याकाळच्या आत पोहोचलं. दुसऱ्या सकाळी एकही मुलगी आली नाही. कुणाला दोष द्यावा? माझ्या आईनेही मला बजावलं होतं की दारातूनच बोलायचं.

मी दारातूनच बोलायची. द्वोशे चुलीजवळच्या खाटेवर टेकून बसलेली असे, मांडीवर पाटी. विचारलं की लिहून दाखवायची. एकदा मावशी दूध आणायला गेली होती. मी उंबऱ्यावर उभी होते. किती दिवस ते माझ्या पोटात होतं. मी म्हटलं, "द्वोशे, तुझं ते नाव मी पाडलं होतं. विहिरीवर. पहिल्यांदा मीच."

तिने पाटीवर लिहिलं आणि माझ्याकडे वळवली. लिहिलं होतं, "माहीत आहे." मग पुसलं, पुन्हा लिहिलं, "तेव्हा मला आवडलं होतं." मी उंबऱ्यावर रडत बसले आणि ती माझ्याकडे बघून हसत होती, आवाज न करता.

तो हिवाळा कडक होता. मी शिवणाच्या दुकानातून येताना त्यांच्या खिडकीवरून यायची. मावशी खाटेपाशी बसून बायकांच्या प्रार्थनांचं जुनं पुस्तक तिला वाचून दाखवत असे. एका संध्याकाळी मी थबकले. मावशी वाचत होती, आणि मधेच थांबली. खाटेवरून उत्तर आलं. "श."

मला आधी वाटलं भास झाला. मावशीने पुढे वाचलं, पुन्हा थांबली, पुन्हा आलं, "श." तेव्हा लक्षात आलं. तिचा घसा गेला होता, पण या अक्षराला घसा लागतच नाही. नुसती जीभ लागते आणि थोडा श्वास. तिच्यापाशी तेवढा उरला होता. मधूनमधून खोकल्याची उबळ आली की मावशी पीस अक्षरावर तसंच धरून ठेवायची, द्वोशेचा श्वास जागेवर येईपर्यंत. घाई करायची नाही. शिकायला कुणी मुलगी नव्हती, चुकलं म्हणून हसायलाही कुणी नव्हतं. दोघीच वाचत होत्या. मी पाय बधिर होईपर्यंत खिडकीशी उभी राहिले.

हिवाळा सरताना येणाऱ्या पुरिमच्या सणाला आठ दिवस असताना द्वोशे गेली. सकाळी, मावशी चूल पेटवत असताना. ती एकोणीस वर्षांची होती. सात दिवस मावशी सुतकात बुटक्या स्टुलावर बसली, बायका येऊन उकडलेली अंडी आणि पाव ठेवून जात. ईटेही आली. ती दाराशीच उभी राहून म्हणाली की तिची मुलगी आता सासरी लोकांची पत्रं लिहून देते. मावशीने मान हलवली.

उन्हाळ्यात कुणीतरी पुन्हा एक मुलगी आणून सोडली, सहा वर्षांची, वेण्यांत लाल फीत. घरात चुना मारून झाला होता, अंथरूण जाळून टाकलं होतं. मावशीने पान काढलं, पीस काढलं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आलेफ झालं, बेस झालं, ओळीने सगळं झालं. मग आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मी आत डोकावले. मावशी पीस शिनवर टेकवून बसली होती आणि पोरगी तिच्या तोंडाकडे बघत होती. पोरीला वाटलं असेल, हेही आलेफसारखं गप्प असणारं अक्षर आहे. मी ते म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. मावशीने पान मिटलं, पोरीच्या हातात लोणी लावलेला पाव दिला आणि तिला घरी पोहोचवून आली. त्यानंतर तिने कुणाला शिकवलं नाही. गल्लीतल्यांची पत्रं वाचणंही सोडलं. उशांसाठी हंसाची पिसं सोलून द्यायची, त्यावर तिचं चालायचं.

दोन वर्षांनी, माझं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. शाबेसच्या दुपारी तिने मला हाक मारली. टेबलावर पत्रांचा गठ्ठा होता. एकोणीस पत्रं. ती म्हणाली, "ब्राइने, हे वाच."

मी म्हटलं, "मावशी, तुला पाठ असतील."

"पाठ आहेत. पण मी वाचते तेव्हा ती माझ्यासारखी बोलते," मावशी म्हणाली. "तुझ्या तोंडून ती तिच्यासारखी येईल."

मी बसले आणि पहिलं पत्र उघडलं. शाई फिकी झाली होती. खोली कशी आहे, पाच मुलींना मिळून दोन खाटा आहेत, मालकीण सूप पातळ करते. मी वाचत गेले, मावशी डोळे मिटून ऐकत होती. पानाच्या तळाशी एक ओळ होती. ती मी नजरेने आधी वाचली आणि तोंडाने ओलांडून पुढे गेले.

"एक राहिली," मावशी म्हणाली.

"कुठली?"

"तुला माहीत आहे कुठली. वाच."

मी वाचलं. "इथे कुणी विचारलं की तुला वाचायला कुणी शिकवलं, तर मी सांगते, माझी मीच शिकले."

चुलीत लाकूड खचलं. मला वर बघवेना. मावशीने टेबलावरून हात फिरवला, पिसाचे बारीक तुकडे गोळा करत असल्यासारखा.

"राग होता तिला," ती म्हणाली. "पण खोटं नाही लिहिलं. एक अक्षर तरी तिचं तीच शिकली होती. ते मी तिला कधी बोलूनही दाखवलं नाही." मग डोळे पुन्हा मिटून घेतले. "दुसरं काढ. त्यात आलुबुखाराच्या मुरंब्याचं आहे."

मी दुसरं पत्र काढलं.